वाढ किंवा घट

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार.

त्याच्याआधी 'सप्रेम' लिहिलं होतं, ते एका रेघेने खोडलं आहे. तुला दिसेलच. आमच्या प्रयोगशाळेत नियम आहे: चुकलेलं गिरवायचं नाही, पांढरं फासायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. बाजूला सही केली आहे. नमस्कार तेवढा ठेवला आहे.

कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर तू वाचल्याची खूण उमटते आणि पुढे काही येत नाही. एकदाच अंगठा आला होता. 'हप्त्यातला तुझा वाटा कधी पाठवतेस?' असं मी विचारलं होतं, त्याला अंगठा. आपल्याकडे अंगठा दाखवण्याचा अर्थ एकच होतो, पण तुझ्या मनात तो नसावा असं धरून चालते.

परिस्थिती सांगते. आपल्या दोघींच्या नावावरच्या घराचा हप्ता बत्तीस हजार. भाडं अठरा येतं. वरचे चौदा निम्मे निम्मे भरायचे ठरलं होतं. सप्टेंबरपासून मी एकटी भरते आहे. जानेवारीपासून प्रयोगशाळेने आम्हाला आठवड्याचे चारच दिवस काम दिलं आहे, आणि पगारही चारच दिवसांचा. कारखाने बंद पडताहेत, मग त्यांचे काटे, दाबमापक, तापमापक तपासायला येणार कुठून? (तू लोकांना सांगतेस, 'धाकटी काटे तपासते.' मी कॅलिब्रेशन करते. असो.)

आपल्या बरोबर खालचं, आपल्याच मापाचं घर रिकामं झालं. राहणाऱ्याची कंपनी उठून दुसरीकडे गेली, तो तिच्यामागे गेला. मालक दर रविवारी येतो, खिडक्या उघडतो, थोडा वेळ बसतो, खिडक्या लावतो आणि जातो. लिफ्टमध्ये भेटला तेव्हा म्हणाला, 'निदान खर्च तरी नाही.' कसा नाही? हप्ता आहे, कर आहे, देखभाल आहे, न वापरता गंजणारे नळ आहेत. रिकामं घर शून्य नसतं, उणे असतं. हे त्याला बोलले नाही. तुला सांगते आहे.

घर घ्यायची कल्पना तुझी होती. 'आपण झोपलेलो असतो तेव्हा घर कमावतं,' असं तू आईला सांगितलंस, आणि आईने बाबांच्या मागे राहिलेले पैसे पहिल्या रकमेसाठी काढून दिले. सध्या घर कमावत नाही आणि मीही झोपत नाही.

तुझं शेवटचं वाक्य होतं, 'काळच अनिश्चित आहे गं.' ताई, अनिश्चितता हा माझ्या कामातला शब्द आहे. प्रत्येक प्रमाणपत्रावर आकड्यापुढे ती लिहावीच लागते, अधिक-उणे इतकं. नाही लिहिली तर प्रमाणपत्र रद्द. अनिश्चितता म्हणजे काही माहीत नसणं नव्हे. किती माहीत नाही, हे माहीत असणं. काळ अनिश्चित आहे हे मला कुणी सांगायला नको. तू किती देऊ शकतेस ते सांग, आणि त्यात किती इकडेतिकडे होईल ते सांग. एवढ्या दोन आकड्यांत मी तुझं सगळं समजून घेईन.

नाहीतर विक्रीच्या कागदांवर सही करून पाठव. एजंटकडे एक गिऱ्हाईक आहे, एप्रिलअखेर थांबायला तयार आहे. भाव आपण घेतला त्याहून कमी आहे, तरी कर्ज फिटून आईचे पैसे सुटतील. मला स्वतःला विकायचं नाही. पण मे महिन्याचा हप्ता भरायला माझ्याकडे पैसे नसतील, आणि ओळीने तीन हप्ते चुकले की बँक आधी घर घेते आणि मग बोलते.

वाट पाहते.

२६ फेब्रुवारी

ताई,

पत्र परदेशात पोचायला बारा दिवस लागतात असं टपाल खात्याचं म्हणणं आहे. उत्तराचे बारा आणि तुला लिहायला लागणारे काही धरून मी अजून काही दिवस थांबू शकते. पण मधल्या काळात भाडेकरूबद्दल लिहिते. तू विचारलेलं नाहीस. तरी.

तू त्यांना पाहिलेलं नाहीस. साठीचे आहेत, एकटे राहतात, दंतवैद्यांना कवळ्या बनवून देतात. मी त्यांना मनात 'कवळीवाले' म्हणते आणि तोंडावर 'काका'. ते मला 'ताई' म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

न्हाणीघरातला नळ गळतो म्हणून परवा गेले होते. आपल्या बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली फळी लावली आहे आणि तिच्यावर प्लास्टरचे जबडे वाळत ठेवले आहेत. वरचे एका रांगेत, खालचे दुसऱ्या. प्रत्येकाच्या तळाशी पेन्सिलीने नंबर. संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं की सगळे मिळून कुणाला तरी हसताहेत असं वाटतं.

'धंदा कसा आहे?' मी विचारलं. विचारण्यामागे काळजी भाड्याचीच होती.

'लोक दात काढायचे थांबत नाहीत, ताई, बसवायचे थांबतात,' ते म्हणाले. 'हे बघा, हे बाराही तयार आहेत. मालक न्यायला येत नाहीत. डॉक्टर म्हणतो, ठेवा, पुढच्या महिन्यात येतील. आता दुसऱ्याचे दात मी विकू कुणाला?'

नळाला नवा वायसर घालायला दहा मिनिटं लागली. तिथे मी त्याहून बराच जास्त वेळ होते. त्यांनी मला मायक्रोमीटर दाखवला, मेणाची जाडी मोजायचा. तो शून्यावर येत नव्हता. मी तो नीट करून दिला. एवढंच. हे कशाला लिहिते आहे, माहीत नाही.

कलम सातबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण एप्रिल जवळ आला. तुला आठवत असेल. करार करताना एजंट दरवर्षी दहा टक्के वाढ लिहीत होता आणि मी त्याला थांबवलं. दहाच का? कुठून आले दहा? मी लिहायला लावलं की दर सहा महिन्यांनी आपलं भाडं आपल्या वरच्या आणि खालच्या, सारख्याच मापाच्या दोन घरांच्या भाड्याच्या सरासरीइतकं होईल. 'वाढ किंवा घट, जे असेल ते.' रिकामं घर मोजायचं नाही.

एजंटने पेन खाली ठेवलं. 'मॅडम, घट कशाला लिहिता? आजवर कुठल्या मालकाने घट लिहिली आहे? फक्त वाढ लिहा, होऊन जाईल.' तो सगळ्यालाच 'होऊन जाईल' म्हणतो.

मी म्हटलं, समीकरण एकाच बाजूला चालत नाही.

तू फोनवर होतीस. हसलीस. म्हणालीस, 'भाडेकरूवर विश्वास ठेवायलाही हिला सूत्र लागतं.' एजंटही हसला. कवळीवाले तेवढे हसले नाहीत. म्हणाले, 'घट पण आहे? थांबा, मग चष्मा लावून पुन्हा वाचतो.'

त्या वेळी भाडी वाढत होती, हे मी जमेस धरायला सांगत नाही. फक्त नोंद.

एप्रिलमध्ये काही बदलणार नाही असा माझा अंदाज आहे. खालचं रिकामं आहे आणि वरच्या घरात सिस्टर राहतात. (नर्स. आपल्या नात्यातल्या नव्हेत.) त्या अठराच देतात असं एजंट म्हणाला.

सहीचे कागद सोबत पाठवते आहे. वकिलातीत जाऊन शिक्का मारून घ्यावा लागेल. जिथे सही हवी तिथे फुली केली आहे.

२ एप्रिल

ताई,

काल प्रयोगशाळेच्या फाटकावरून फोन आला, 'मॅडम, तुमच्या घरचे आलेत.' मला वाटलं आईला काही झालं. धावत खाली गेले, तर कवळीवाले. इस्त्रीचा शर्ट, हातात कराराची प्रत.

'घरचे म्हणून का सांगितलंत?'

'तुमच्याच घरात राहतो ना? मग कुणाच्या घरचा म्हणू?' आणि लगेच, 'ताई, घट झाली!'

पेढे वाटायला आल्यासारखं बोलत होते.

'कसली घट?'

'कलम सात! वरच्या सिस्टर मार्चपासून चौदा देतात. मी स्वतः विचारलं. खालचं घर रिकामं, आणि रिकामं मोजायचं नाही असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे सरासरी आली चौदा.'

'एकाच आकड्याची सरासरी नसते, काका.'

'मग काय असतं?'

एकाच आकड्याची सरासरी म्हणजे तोच आकडा. हे शाळेतलं पोर सांगेल.

'वाढ झाली असती तर मागितली असतीत की नाही?' त्यांनी विचारलं. रागाने नव्हे, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

'मागितली असती.'

'मग झालं तर. मी पण मागतो. सूत्र झकास आहे हो, मी सगळ्यांना सांगतो तुमच्या सूत्राबद्दल.'

ताई, आमच्या कामात एकाच संदर्भावर कधी विसंबायचं नसतं. निदान दोन हवेत, म्हणजे एक भरकटला तर दुसरा सांगतो. मी दोन घेतले होते. एक रिकामं झालं तर काय, हे लिहिलं. मग उरलेल्या एकट्यावर किती विसंबायचं, हे लिहिलंच नाही. माझ्या हाताखालच्या मुलीने असं काही लिहून आणलं असतं तर मी कागद परत केला असता.

तरीही, तपासल्याशिवाय आकडा मान्य करायचा नाही. म्हणून संध्याकाळी वर गेले.

सिस्टर नुकत्याच पाळीवरून आल्या होत्या. कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या होत्या. 'या, खालच्या मालकीणबाई ना? उठत नाही, राग मानू नका. चहा त्या थर्मासमध्ये आहे, तुम्हीच ओता, मलाही द्या.'

मी चहा ओतला. मग सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं.

'मी तर घर सोडतच होते हो. आमचा एक वॉर्ड बंद केला, पगार आला निम्म्यावर. मालकीणबाई परदेशात असतात, त्यांना फोन केला, म्हटलं, महिनाअखेर जाते. तर म्हणाल्या, मुळीच जायचं नाही, चौदा द्या. मी म्हटलं, अहो, तुम्हाला कसं परवडेल? साहेबांची नोकरी जाऊन वर्ष होऊन गेलं, तुमच्या तोंडूनच ऐकलंय. नोकरी जाताना जे मिळालं ते सगळं या घरात घातलंत, म्हणे पैसे बँकेत विरघळतात, भिंती विरघळत नाहीत. तर काय म्हणाल्या माहितीय?'

'काय?'

'म्हणाल्या, माझी धाकटी बहीण म्हणते, रिकामं घर शून्य नसतं, उणे असतं. आणि ती कधी चुकत नाही.'

मी कप खाली ठेवला.

'काय करते त्यांची बहीण?' मी विचारलं.

'काटे तपासते म्हणे. सोनाराचे असतील.'

मी चहा संपवला. दोन्ही कप धुऊन ठेवले आणि निघाले. भाड्याची खात्री करायला गेले होते. खात्री झाली. चौदा.

५ एप्रिल

ताई,

माझी पत्रं तुला पोचतात, हे आता सिद्ध झालं आहे.

एजंटला फोन केला. आधी म्हणाला, कुठलं घर, कोण बाई. मग मी गप्प राहिले. गप्प राहिलं की लोक बोलतात, हे मी तुझ्याकडूनच शिकले, फक्त माझ्यावर ते चालतं आणि तुझ्यावर नाही. शेवटी म्हणाला, 'मॅडम, ताईंनीच सांगितलं होतं, धाकटीला बोलू नका. ती आकडे विचारेल.'

हो. विचारले असते.

विचारलं असतं की भाऊजींची नोकरी गेली तेव्हा तू मला समुद्राकाठचे फोटो का पाठवत होतीस. विचारलं असतं की आपल्या दोघींच्या घरातला वाटा थकवून त्याच इमारतीत, माझ्याच डोक्यावर, दुसरं घर घेताना कुठला हिशेब केलास. सगळे पैसे एकाच रस्त्यावरच्या एकाच इमारतीत एकाच रांगेत घालतात का? एक नळ फुटला तर दोन्ही घरं भिजतील.

आता नीट वाच. मी तुला एक वाक्य लिहिलं. ते पटून तू वरचं भाडं चार हजारांनी उतरवलंस. ती घट कलम सातमधून खाली आली आणि माझं, म्हणजे आपलं, भाडं चार हजारांनी उतरलं. यात चूक कुठे आहे ते मी तीन दिवस शोधते आहे. माझं वाक्य बरोबर होतं. तुझा निर्णय बरोबर होता. सूत्राने लिहिलं होतं तेच केलं. कवळीवाल्यांनी त्यांच्या हक्काचं मागितलं. कुठेच चूक नाही आणि मी बुडते आहे. कुणावर ओरडायचं म्हटलं तर समोर एक थर्मास आणि बारा जबडे.

आता दोघींचा मिळून खड्डा अठराचा. निम्मे नऊ.

'ती कधी चुकत नाही' हे तू एका परक्या बाईला सांगितलंस. मला कधी म्हणाली नाहीस. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

२१ एप्रिल

ताई,

सहीचे कागद आले नाहीत. गिऱ्हाईकही आता नाही. त्याने आणखी खालचा भाव सांगितला, मी नको म्हटलं, तो शेजारच्या इमारतीत गेला. तिथे भाव पाडणारे मालक रांगेत उभे आहेत. एजंट म्हणतो, 'थांबा मॅडम, काळ पालटेल, होऊन जाईल.' मी म्हटलं, किती महिन्यांत? तो म्हणाला, 'तुम्ही ना, फारच आकडे विचारता.' तुमचं दोघांचं चांगलं जमत असणार.

आज आईचा फोन होता. 'ताई बोलते का गं तुझ्याशी?'

'हो.'

'काय म्हणते?'

'चाललंय म्हणते.'

'भाऊजींचं बरं आहे ना?'

'बरं आहे.'

'आणि घराचं? तुम्ही दोघी मिळून बघताय ना? मला बाई त्यातलं काही कळत नाही, पण तुम्ही दोघींनी मिळून काही केलं याचंच मला बरं वाटतं. लहानपणी एक छत्रीसुद्धा वाटून घेत नव्हतात.'

एका दमात इतकं खोटं मी आजवर बोलले नव्हते. तुझ्यासाठी बोलले असं समजू नकोस. आईसाठी बोलले. छत्री तुझ्याचकडे असायची, हे तिला सांगितलं नाही.

मला आता सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? पैशांचा नाही. तू हरलीस आणि तेही मला सांगायचं नाही असं ठरवलंस, त्याचा. तुझ्या घरात काय चाललंय ते मला तुझ्या भाडेकरणीकडून कळतं, ती पाय बादलीत सोडून बसलेली असताना. मी कुणी तपासणी अधिकारी आहे का? आकडे विचारते, कारण मला दुसरं काही विचारता येत नाही. 'कशी आहेस' विचारलं की तू 'मस्त' म्हणतेस. त्यात अधिक-उणे काही नसतं. असलं उत्तर मी कुठे लिहून ठेवू?

मे महिन्याचा हप्ता पाच तारखेला आहे. माझ्याकडे नऊ हजार कमी आहेत. तुझा वाटा आणि माझी कमतरता यांचा आकडा एकच आला, हा योगायोग आहे. मी जुळवलेला नाही.

यापुढे मी पत्र लिहिणार नाही.

३ मे

ताई,

लिहिते आहे, कारण घडलं ते तुला ठाऊक असलं तरी कसं घडलं ते ठाऊक नाही.

काल आपल्या घरी गेले होते. कवळीवाल्यांकडून भाडं घ्यायचं होतं, आणि नळ पुन्हा गळत होता. मी नळाखाली वाकलेली असताना दार वाजलं. सिस्टर. गणवेशातच, हातात पाकीट. आत येऊन त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. हातात पाना, बाह्या वर, कपाळाला गंज.

'तुम्हीच त्या काटेवाल्या?'

'सोनाराचे नाहीत,' मी म्हटलं.

'अहो, मग त्या दिवशी माझ्याकडे बसून चहा प्यायलात, कप धुतलेत, आणि एक शब्द नाही? तुमची बहीणही तशीच. जिवावर येतं बोलायचं. बोलायला पैसे पडतात का तुमच्या घरात?' आणि पाकीट माझ्या हातात दिलं. 'मालकीणबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, यापुढे भाडं खाली बहिणीकडे देत जा. मी विचारलं, काही निरोप देऊ का? तर म्हणाल्या, नको, ती आकड्यावरून ओळखेल.'

कवळीवाले बाल्कनीतून ऐकत होते. हातातला जबडा तसाच धरून आत आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

'म्हणजे आता सिस्टरचं भाडं तुमच्या हातात?'

'माझ्याकडे येणार, असं दिसतं.'

'मग तुम्ही सिस्टरचं वाढवलं की माझं आपोआप वाढणार. कलम सात!' ते खुर्चीवर बसले. 'सिस्टर, आपण गेलो.'

'तुम्ही कशाला माझ्या भाड्यावर डोळा ठेवून बसता?' सिस्टर म्हणाल्या.

'मी नाही हो, सूत्र ठेवतं! यांनीच लिहिलंय. सांगा ना त्यांना, ताई.'

मी सांगितलं. आमच्याकडे ज्याच्यावरून मोजायचं ते आणि जे मोजायचं ते एकाच्या हातात ठेवत नाहीत. मी सिस्टरच्या भाड्याला हात लावणार नाही. ते माझी बहीण ठरवेल. वाढ असो की घट, ती मला लेखी कळवेल. हे ऐकून कवळीवाल्यांना हायसं वाटलं. सिस्टर म्हणाल्या, 'लेखी? त्या? बसा वाट बघत.'

पाकिटात चौदा होते. तू म्हणालीस आकड्यावरून ओळखेन. ओळखलं ते असं: नऊ तुझा वाटा, आणि पाच मागच्या थकबाकीपोटी. आणखी एक ओळखलं. तुमच्याकडे तिथे दर महिन्याला येणारा एकमेव आकडा हाच असणार, आणि तोही तू आता माझ्याकडे वळवला आहेस. मग तुम्ही कशावर राहता? भाऊजी काय करतात? हे आकड्यावरून ओळखता येत नाही. विचारावं लागतं आणि समोरच्याने सांगावं लागतं.

नऊ मी ठेवले. आज सकाळी बँकेत जाऊन हप्ता भरला. पाच तुझ्या खात्यात परत पाठवले आहेत. त्यावर अंगठा पाठवू नकोस.

आणखी एक गोष्ट, मग संपवते. सिस्टरना भाड्याची पावती लागते, रुग्णालयाकडून घरभाड्याचे थोडे पैसे मिळतात म्हणून. कवळीवाल्यांच्या पावतीपुस्तकातली एक कोरी पावती घेतली. रक्कम लिहिली, महिना लिहिला. सही 'मालक' या शब्दाखाली करायची असते. पण त्या घराची मालक मी नाही. म्हणून 'मालक'वर रेघ मारली आणि वर 'करिता' घालून कुणाकरिता ते लिहिलं. सही केली. सिस्टरनी पावती लांब धरून वाचली आणि म्हणाल्या, 'हे रुग्णालयात चालायचं नाही हो.'

'का?'

'ताई म्हणजे कोण?'

मी पाहिलं. मी 'ताईकरिता' लिहिलं होतं. तुझं पूर्ण नाव लिहायला हवं होतं, ते मला पाठ आहे, कर्जाच्या प्रत्येक कागदावर माझ्या नावाच्या वर ते असतं. माझ्या हातून अशी खाडाखोड होत नाही, तुला माहीत आहे.

दुसरी पावती केली. तिच्यावर तुझं नाव नीट आहे. पहिली नियमाप्रमाणे एका रेघेने खोडली आणि बाजूला सही केली. ती फाडून टाकता आली असती. सोबत ठेवली आहे. खालचं वाचता येतं.

आता तू लिही.